सव्वापाच खाचा

उमराव पाणकर होता. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताला, कधी आणि किती सोडायचं, हे तो ठरवायचा. त्याच्या आधी त्याचा बाप ठरवायचा. उमराव वैशाखात गेला आणि नंदाबाईला मागं उरली एक धानाची बांधी, दाराआडची मोजकाठी आणि नवऱ्यावरचा एक जुना राग. तीस वर्षांच्या संसारात तीनदा त्यांचं धान पोचट गेलं होतं. तिन्ही वेळा उमरावनं एकच सांगितलं, "बियानं खराब निंगालं." अख्ख्या गावाचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाला साधं बियाणं ओळखता येऊ नये? ती त्याला त्यावरून वर्ष वर्ष बोलायची, अगदी पाहुण्यांसमोरसुद्धा. तो मान खाली घालून जेवायचा.

यंदा हस्त कोरडा गेला. धान निसवलं होतं, दाणा भरायला एक पाणी हवंच होतं. चोरखमाऱ्याच्या धरणाचं पाणी काही या गावापर्यंत येत नाही. जे होतं ते तलावात.

सगळे तलावाच्या बांधावर, पाळेवर, जमले. पाणकराचं काम आता नंदाबाईकडं आलं होतं; तिनं काठी पाण्यात उभी धरली. काठीवरच्या खाचा सारख्या अंतरावर नव्हत्या. तलाव खाली निमुळता होतो, म्हणून खालच्या खाचा लांब लांब; पण कुठल्याही दोन खाचांमधलं पाणी सारखंच. उमरावच्या बापाचं अर्धं आयुष्य त्या खाचा बसवण्यात गेलं होतं. काठी सव्वापाच खाचा भिजली. तलावाचं दार, ज्याला तिकडे तुडूम म्हणतात, तिथून खाली बांध्यांच्या सात ओळी उतरतात. एका ओळीला पाऊण खाच पाणी लागतं.

खेमराजची जमीन पहिल्या ओळीत. सत्तरी ओलांडलेला माणूस, बापानं मारून मारून पाठ करून घेतलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, अजून जिभेवर होती. पाऊण हा शब्द कानावर पडला की ती आपोआप सुरू व्हायची.

"पाच पाऊन पावनेचार," तो म्हणाला. "वरचा पाव धरून जेमतेम चार. चार ओळी भिजतीन. खालच्या तीन सोडा यंदा."

त्यानं मोबाइलवरही आकडे दाबून दाखवले. मोबाइलनं चारला थोडं कमीच सांगितलं. मोबाइलचं काय, विचाराल त्याचं उत्तर देतो. विचारलं ते बरोबर होतं का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खालच्या ओळीवाल्यांची तोंडं उतरली. सातव्या ओळीत तिघं होती: उदाराम, जमुनाबाई आणि स्वतः नंदाबाई. जमुनाबाईनं पदर तोंडाला लावला. नंदाबाईला हिशेब चुकल्याचं कळत होतं, पण बोलायची चोरी. पाणी पुरतं म्हणावं तर लोक म्हणणार, हिची बांधी खाली आहे म्हणून म्हणते. शेवटी तिला राहवलं नाही.

"खेमराजभाऊ, तुमी गुनून राहिले."

"मंग?"

"सव्वापाचाची पाऊन नाई पायजे आपल्याले. सव्वापाचात पाऊन किती डाव बसते, ते पायजे. भागा लागते."

खेमराज हसला. "भागलं का आकडा कमीच होते, वैनी."

"चौघांत एक भाकर वाटली त कमी होते. पन त्याच भाकरीचे पाव पाव तुकडे केले त तुकडे किती होतेत? चार. एकापेक्षा जास्तच झाले ना?"

ती खाली बसली आणि खडे गोळा करू लागली. एका खाचेचे चार पाव, म्हणून चार खडे. पाच खाचांचे वीस. वरचा पाव एक. झाले एकवीस. पाऊण म्हणजे तीन पाव, म्हणून तिनं तीन-तीन खड्यांच्या ढिगल्या केल्या. उदारामनं त्या बोट लावून पुन्हा मोजल्या. सात भरल्या, एक खडा कमी नाही की जास्त नाही.

"आन काठीच खोटी निंगाली त?" खेमराज म्हणाला. "तुमची बांधी खाली हाय म्हनून बोलून राहिल्या तुमी."

हे येणारच होतं.

"माही बांधी सगळ्यायच्या शेवटी," नंदाबाई म्हणाली. "कमी पडलं त माहं पडन."

उमरावही आपली बांधी शेवटीच भिजवायचा. पाणकरानं आधी घेतलं म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं, असं तो म्हणायचा.

ठरलं. रोज सकाळी एका ओळीसाठी तुडूम उघडायचं आणि काठीवर पाणी पाऊण खाच उतरलं की बंद करायचं. पहिल्याच दिवशी खेमराज म्हणाला, "थोडं राहू द्या, कोपरा राह्यला." तिनं थोडं राहू दिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ओळीतल्या निर्मलाबाईचा कोपरा राहिला होता. मग प्रत्येकाचाच राहू लागला, आणि समोर सुकलेलं धान दिसत असताना तिला नाही म्हणवेना. सहा ओळी भिजल्या तेव्हा काठीवर पाऊण खाच उरायला हवी होती. अर्धीच उरली.

सातव्या सकाळी ती पाळेवर एकटीच बसली. पुढ्यात दोन खडे ठेवले. दोन पाव आहेत, ओळीला लागतात तीन. तिनातले दोन. अर्ध्याला पाऊणनं भागलं की दोन तृतीयांश येतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पण दोन तृतीयांश कशाचे, हे तिला नीट कळलं. खाचेचे नव्हे, ओळीचे. ओळीत सारख्या तीन बांध्या होत्या. तिन्हींना थोडं थोडं द्यावं तर तिन्ही पोचट जाणार.

तिनं उदारामची बांधी भरली. जमुनाबाईची भरली. मग तुडूम बंद केलं.

जमुनाबाई बांधीच्या धुऱ्यावरून धावत आली. "नंदा, तुह्या बांधीत पानी गेलंच नाई!"

तिचा चेहरा रडवेला झाला होता. आपल्यामुळं हिचं गेलं, हे ओझं ती जन्मभर वाहणार, हे नंदाबाईला दिसलं. ती चटकन बोलून गेली, "जाऊ दे व. माह्या धानात दमच नाई यंदा. बियानं खराब निंगालं."

शब्द तोंडातून गेले आणि तिला ते उमरावच्या आवाजात ऐकू आले.

जमुनाबाई घरी गेली तरी ती तिथंच उभी होती. तीन वर्षं. तिन्ही वर्षं बियाणं चांगलं होतं. त्यानं दोन खडे कुठं मांडले असतील, कोणाकोणाचे कोपरे राहिले असतील, आणि तो घरी येऊन हात धुऊन तिची बोलणी खात जेवला असेल.

ती आपल्या कोरड्या बांधीत उतरली. धानाच्या लोंब्या हाताला हलक्या लागल्या.

"मले त सांगाचं होतं," ती हातातल्या काठीला म्हणाली, आणि वैशाखापासून अडलेलं रडू तिला त्या बांधीत फुटलं.