कोंबडबाजाराचा थर्ड अंपायर

मागच्या रविवारच्या कोंबडबाजारात दोन कोंबडे मेले आणि तीन माणसांची डोकी फुटली. भांडण एवढंच, की आधी कोणता कोंबडा पडला. आधी पडेल तो हरला, आणि हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या हंडीत. अठ्ठावीस टाके पडल्यावर गावातल्या शहाण्यांनी ठरवलं, की यापुढे निकाल मशीन देणार.

मशीन प्रफुलकडे होतं. तो अहेरीत लग्नाचं शूटिंग करायचा. मोबाइलचा कॅमेरा एक नंबर, पण आत जागा शिल्लक नाही, म्हणून तो केबल लावून व्हिडिओ सरळ लॅपटॉपवर उतरवायचा. फोर-के, सेकंदाला साठ फोटो. कोंबड्याच्या अंगावरची पिसू ओळखू येईल इतकं साफ.

अडचण एकच होती. या रविवारी एक कोंबडा होता मुखरूचा. मुखरू म्हणजे प्रफुलचा मोठा बाप, वडिलांचा थोरला भाऊ; त्यानंच त्याला लहानाचं मोठं केलं. दुसरा कोंबडा श्रीहरीचा, आणि श्रीहरीच्या मुलीशी, रिनाशी, प्रफुलचं लग्न येत्या गुरुवारी होतं. सकाळीच रिनाचा फोन आला.

"बाबाचा कोंबडा हारला तं लग्न मोडतो म्हंते."

"ते कोंबड्याच्या हातात हाय, रिना."

"कोंबड्याले हात कुठी असते? तुमच्या हातात हाय."

दुपारी धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत लोकांनी गोल धरला. प्रफुलनं मोबाइल बांबूला बांधला, केबल ताणली, आणि पडद्यावर ऊन नको म्हणून लॅपटॉपसकट स्वतःवर घोंगडं ओढून घेतलं. कोंबड्यांच्या पायांना काती, म्हणजे बोटभर लांबीचं धारदार पातं, बांधली आणि दोघांना सोडलं.

सगळं अकरा सेकंदांत आटोपलं. मुखरूच्या लाल्यानं पहिल्याच उडीत श्रीहरीच्या काळ्याचा डोळा काढला. काळ्यानं उरलेल्या डोळ्यानं नेम धरून लाल्याचं पोट फाडलं. आतडं लोंबून लाल्याच्याच पायात अडकलं, तरी त्यानं काळ्याचा गळा चिरला. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या शर्टांवर रक्त उडालं. मग दोघंही धुळीत आडवे झाले, दमलेल्या पाहुण्यांसारखे.

"लाल्या जितला!"

"काऊन बे? काळ्या जितला!"

सगळा गोल घोंगड्याकडे वळला.

घोंगड्याखाली प्रफुल एकेक फोटो पुढे सरकवत होता. काळ्याची चोच मातीला लागली. त्याच्या पुढच्या फोटोत लाल्याची. सेकंदाच्या साठाव्या हिश्शानं श्रीहरी हरला होता आणि प्रफुल बिनलग्नाचा राहिला होता. त्यानं डोकं बाहेर काढलं.

"काळ्या जितला."

"दाखव," मुखरू म्हणाला.

"मोठेबाबा, त्यात काय पाहाचं?"

"तुले पोसलं मी. दाखव."

मुखरू घोंगड्यात शिरला. त्याला लॅपटॉप चालवता येत नव्हता, पण प्रफुलनं घाईत नेमका काळ्या आधी पडल्याचा फोटो उघडा ठेवला होता. घोंगडं एकदा हललं. मग त्यातून एक गुद्दा आला आणि प्रफुलचे पुढचे दोन दात गेले.

श्रीहरी धावत आला. सासरा वाचवायला आला, असं प्रफुलला वाटलं. श्रीहरीनं पडदा पाहिला, मेलेला काळ्या पाहिला आणि प्रफुलच्या बरगडीत लाथ घातली.

"माह्या कोंबड्यानं आतडं काढलं बे त्याचं! तुह्या खोट्याच्या भरवशावर लढला का तो? लग्न मोडलं!"

"मोडलंच पाह्यजे," मुखरू म्हणाला. वीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. प्रफुलचं मनगट कडकन वाजलं, मग जबडा.

"भाऊ, तुमी थकले असान," श्रीहरी अदबीनं म्हणाला. "बसा, आता मी पाहातो."

मागच्या रविवारचा ज्यांचा राग शिल्लक होता, त्यांनीही हात धुऊन घेतले. लॅपटॉपला मात्र कोणी धक्का लावला नाही, महागाची वस्तू. बांबूवरचा मोबाइल सगळं इमानदारीनं त्यात उतरवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीहरी दवाखान्यात आला, लग्न मोडल्याचं रीतसर सांगायला. साक्षीला मुखरू. रिना आधीच प्रफुलच्या पलंगावर लॅपटॉप मांडून बसली होती.

"या बाबा. पाहा किती साफ आलं. हे तुमी. हे तुमची लाथ. मिशीतलं भाताचं शीत बी दिसून राह्यलं."

"बंद कर ते."

"कोंबडबाजाराले बंदी हाय. त्यावर हा माणूस मारला. चेहरे वळखू येत नाई म्हणून लोकं सुटते, बाबा. इथी तं पोलीस तुमच्या नाकातले केस मोजन."

मुखरू हळूच दाराकडे सरकला.

"मोठेबाबा, तुमी बी बसा. तुमचा तं क्लोजअप हाय."

दोघं एकाच स्टुलावर बसले.

"आता सांगा. गुरुवारी किती वाजता?"

श्रीहरीनं मिशी पुसली. "साडेअकरा."

"पण याले विचारलं का?" मुखरूनं पलंगाकडे बोट केलं.

तिघांनी प्रफुलकडे पाहिलं. त्याला हो म्हणायचं होतं, त्याच्यासाठीच तर त्यानं एवढा मार खाल्ला होता. पण जबडा तारेनं बांधलेला, मान पट्ट्यात, हात प्लास्टरात. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्यानं उजव्या पायाचा अंगठा हलवला.

"हो म्हंते," रिना म्हणाली, आणि त्याच्या पायावरची चादर नीट केली.