पहिल्या मुठीचा मान

आमच्या घरात एक राजे आहेत. रामनगरात, बेळगाव-गोवा रस्त्यावर माझी खानावळ आहे. तिथल्या गल्ल्यामागच्या खुर्चीत ते बसतात आणि ट्रकवाल्यानं नमस्कार केला की मान बोटभर हलवतात. खुर्ची माझ्या माहेरची, खानापूरची. राज्य गेलं, तनखा गेला, मिशी तेवढी राहिली. माझ्या वडिलांनी ती मिशी बघूनच मुलगी दिली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण त्यांना पाठ होती, पण नेमकी लग्नाच्या वेळी आठवली नाही.

राज्याचं एकच काम शिल्लक होतं. अणशीच्या रानात आमचं मूळ गाव आहे. तिथं भात पिकलं की पहिली मूठ राजाच्या हातानं कापायची, तोवर गावात कुणी विळा लावायचा नाही. आमच्या शिवानंदराजांना विळा धरता येत नाही. रुक्मा कुणबीण मूठ आवळून धरते, हे नुसता विळा टेकवतात, आणि फेटा मात्र घरापासून बांधून जातात.

यंदा रुक्मा स्वतःच सकाळच्या बसनं आली. खुर्चीसमोर उभी राहिली.

"राजे, भात आडवं पडाया लागलंय. डुकरं शेतात शिरत्यात. उद्या येऊन मूठ कापा."

"आयतवारी येतो," राजे म्हणाले.

"आयतवारपातूर काय उरत न्हाई वो. वरीसभर त्येच खायाचं हाय आमास्नी."

"परंपरेत घाई चालत नाही."

परंपरा कसली डोंबलाची. एका रिसॉर्टवाल्यानं त्यांना गाठलं होतं. त्याचे पाहुणे रविवारी येणार होते, त्यांना 'राजाची कापणी' बघायची होती, व्हिडिओ काढायचा होता. या माणसानं कुणब्यांचं वर्षाचं पोट व्हिडिओसाठी टांगून ठेवलं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

रुक्माला मी मागं स्वयंपाकघरात नेलं, चहा दिला. ती कपाकडे बघत म्हणाली, "अक्का, राजा लढाईला गेला की राणी नारळ धाडायची म्हनं. त्यो नारळच राजा. आमची आजी सांगायची."

मला ते ठाऊक होतं. सासूबाईंनीही सांगितलं होतं. पण हे राजे कसल्या लढाईला गेलेत? बाहेर बसून पान चघळतायत. मी फार विचार केला नाही. चटणीसाठी आणलेल्यातला एक शेंडीचा नारळ निवडला, कुंकू लावलं आणि तिच्या पदरात घातला. तिनं वाकून नमस्कार केला, तो मला की नारळाला, कुणास ठाऊक. यांना मी काही बोलले नाही. त्यांचं तोंड मला तिथंच बघायचं होतं.

रविवारी आम्ही जीपनं गेलो. मागून पाहुण्यांची गाडी. राजे मिशीला पीळ देत उतरले आणि उभेच राहिले. शेतात नुसती खुंटं होती. कडेला भाताची उडवी रचलेली. खळ्यावर घोंगडी अंथरलेली, तिच्यावर नारळ, नारळाला लाल फेटा, पुढं पहिली मूठ.

"कुणाच्या हुकमानं कापलं?" राजे गरजले.

"राणीच्या," रुक्मा म्हणाली. "बसा की राजे. पावन्यांनाबी बसवा."

पाहुण्यांना फारच मजा वाटली. ते नारळाचे फोटो काढू लागले. त्यातली एक बाई राजांना म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का?" राजे बाजूला झाले. मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावला.

मग गावच्या म्हाताऱ्यानं नारळ फोडला आणि सगळ्यांना प्रसाद वाटला. राजांच्या हातावरही एक तुकडा ठेवला. ते पुटपुटले, "फुडल्या वर्षी आम्ही वेळेवर येऊ."

रुक्मा उडवीवरचं गवत सारखं करत होती. तिनं मान वळवून अगदी आदरानं सांगितलं, "तरास नगं राजे. नारळ बरा हाय. बोलिवल्या दिशी येतो."

परतताना जीपमध्ये, अणशीचं रान संपल्यावर ते म्हणाले, "तू एका शब्दानं बोलली असतीस, तर मी गेलो असतो."

"रुक्मा बोलली होती की," मी म्हटलं.

त्यांनी फेटा सोडून मांडीवर ठेवला. खोबऱ्याचा तुकडा अजून मुठीत होता. तो त्यांनी हळूच तोंडात टाकला.