वन्संची छपरातली खिडकी

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. मार्च महिना होता. थोरल्याची तिसरीची परीक्षा तोंडावर आली होती आणि मिस्त्रीच्या ठोकाठोकीत त्याला पाढे सुचत नव्हते, म्हणून ते माझ्या पक्कं लक्षात आहे.

त्या वर्षी आमच्या माळ्यावर, उतरत्या छपरात, दोन खिडक्या बसवल्या. एक मागच्या अंगाला उजेडासाठी. एक पुढच्या अंगाला, बसल्या जागेवरून रस्ता दिसावा म्हणून. त्या दुसरीतून रस्ता कधीच दिसला नाही, आणि त्याला कारण मी.

घरात रस्त्याला लागून एकच चांगली खोली होती. तिथे माझ्या नणंदबाई राहत. ह्यांच्या थोरल्या बहीण, मी त्यांना वन्सं म्हणायची. विसाव्या वर्षी तापात त्यांचे पाय गेले होते. सासरे जाताना ती खोली त्यांच्या नावावर करून गेले. खिडकीशी खुर्ची, मांडीवर लोकर आणि नजर रस्त्यावर. कोण कुठे गेलं, किती वाजता आलं, हातात काय होतं, सगळं त्यांच्या डोळ्यांत टिपलेलं. मला बाजारातून यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर मी चपला काढायच्या आत सासूबाईंना खबर. "आल्या का राणीसरकार? पिशवी एवढीशी नि वेळ एवढा?"

पोस्टमन टपालही त्या खिडकीतूनच देई. माझ्या लग्नानंतर चौथ्या वर्षी, वडील अत्यवस्थ आहेत, ताबडतोब ये, असं माहेरचं पत्र आलं. आमच्याकडे पाहुणे यायचे होते. वन्संनी ते पत्र तीन दिवस उशीखाली ठेवलं. मी पोचले तेव्हा अंगणात वडिलांचा सदरा वाळत होता, वडील नव्हते. परत आल्यावर मी विचारलं, तर लोकर गुंडाळत म्हणाल्या, "आधी दिलं असतं, तर पाहुण्यांचं कुणी केलं असतं?"

सासूबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. डोळे पूस नि कामाला लाग."

मी डोळे पुसले नि कामाला लागले. सात वर्षं तशीच कामाला लागलेली होते.

त्या खिडकीचं आणखी एक होतं. रोज संध्याकाळी साडेपाचला शाळेतले चित्रकलेचे मास्तर सायकलवरून जात. खिडकीसमोर आले की घंटी दोनदा वाजवत, एक पाय खाली टेकत आणि विचारत, "आज किती फुलं झाली?" वन्सं विणकाम उचलून दाखवत. एवढंच. पण पाच वाजता त्या माझ्याकडून वेणी नव्याने घालून घेत, आणि तेवढ्या अर्ध्या तासात मला टोमणा मारायचं विसरत.

हे घड्याळजी. दुसऱ्याच्या दुकानात भिंग डोळ्याला लावून ह्यांची उमेद चालली होती. स्वतःचं दुकान काढायचं तर रस्त्यावरची खोली हवी, आणि ती वन्संची.

"वर जायला मी तयार आहे," वन्सं म्हणाल्या. "पण मला रस्ता दिसला पाहिजे. आभाळ काय, मेल्यावर बघेनच."

म्हणून मिस्त्री आला. छपरातल्या खिडक्यांत त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. पहिल्या दिवशी ह्यांनी नि त्याने वन्संना खुर्चीसकट माळ्यावर नेलं. कौलांखाली फळ्या ठोकलेल्या होत्या. मिस्त्रीने खुर्ची रस्त्याच्या बाजूच्या उताराजवळ ठेवली.

"ताई, रोज बसता तशा बसा. पाहुणे आल्यासारखं ताठ नको."

"मी ताठच बसते. माझी पाठ शाबूत आहे, पाय गेलेत."

"बरं बाई. खिडकीची खालची कड बसलेल्या माणसाच्या कोपराशी यायला हवी. मग मान न वळवता रस्ता दिसतो. लोक उगाच उंच बसवतात नि मग म्हणतात, घरात विहीर झाली."

कानामागची चपटी पेन्सिल काढून त्याने फळ्यांवर लांब, जाड रेघ मारली. वन्संनी तिच्यावर कोपर टेकवून पाहिलं. मग खाली येऊन त्यांनी खोली ह्यांना देत असल्याच्या कागदावर सही केली. सही कोरडी व्हायच्या आत सासूबाईंनी कागद कपाटात घातला.

मिस्त्रीची एक तऱ्हा होती. "रेघ मारताना डोकं वापरायचं," तो म्हणे. "करवत हातात आली की डोकं बाजूला काढून ठेवायचं. दोनदा विचार करणाऱ्याची चौकट वाकडी होते." एकदा मारलेली रेघ तो पुन्हा मोजत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी गेला. हे कामावर. सासूबाईंना जिना चढवत नव्हता. मी थोरल्याच्या दप्तरातली पेन्सिल घेतली आणि वर गेले. मिस्त्रीच्याच सँडपेपरने त्याची रेघ घासली, अगदी लाकूड पांढरं होईपर्यंत, आणि भुसा चोळून ती जागा मळवली. मग एक लांब पट्टी धरून अडीच फूट वर दुसरी रेघ मारली. खाली आले, तर वन्सं म्हणाल्या, "वर काय करत होतीस गं एवढा वेळ?"

"झाडत होते. तुमचीच खोली ना."

"कधी नव्हे ते बरं सुचलं."

मिस्त्री जेवून आला आणि त्याने करवत लावली. फळ्या कापल्या, कौलं उतरवली, मधला वासा तोडून आडवं लाकूड दिलं, चौकट बसवली. मग पत्र्याच्या पट्ट्या, खालची आधी, बाजूच्या नंतर, वरची शेवटी, म्हणजे पाणी एकीवरून दुसरीवर घसरत जातं. काम देखणं झालं. पुढे तिथून पाण्याचा एक थेंब आत आला नाही.

चौथ्या दिवशी वन्संना वर नेलं. पाच वाजून गेले होते, वेणी घालून झाली होती. खुर्ची ठेवली. वन्संनी समोर पाहिलं, तिथे फळ्या. मग मान वर केली.

"मिस्त्री, हे काय?"

मिस्त्री खिडकीकडे बघतच राहिला. मग गुडघ्यावर बसून त्याने खालच्या फळ्यांवरून हात फिरवला.

"रेघ इथे होती," तो म्हणाला.

"मग खिडकी तिथे कशी गेली? तिला पाय फुटले? मला दे म्हणावं ते!"

हे मिस्त्रीवर उखडले. नाही नाही ते बोलले. मिस्त्री म्हणाला, "उद्या पुन्हा उघडतो, माझ्या पदरचं लाकूड घालून खाली आणतो." तेवढ्यात जिन्याखालून सासूबाईंचा आवाज आला, "पुन्हा कौलं काढायची नाहीत! उजेड येतोय ना? तिला वर बसून कुठली वरात बघायचीय?"

आईच ती. खाली घंटी दोनदा वाजली. वन्संनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग वर उचललं, वीतभर उचललं गेलं, मग परत बसलं. थोड्या वेळाने घंटी आणखी दोनदा वाजली.

जिन्यात मिस्त्रीने मला गाठलं. "वहिनी, माझी रेघ जाड असते. तिथे कापल्या फळीच्या कडेला राहिलीय ती बारीक आहे. शाळेच्या पेन्सिलीची."

"मग सांगा ना वर जाऊन."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगून काय? रेघ तुमची असली तरी करवत माझी होती." आणि हत्यारांची पेटी उचलून तो गेला.

वन्संच्या खोलीत ह्यांचं दुकान लागलं. आठ दिवसांनी मास्तर तिथे आले. हे आत जेवत होते, गल्ल्यापाशी मी होते. त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं.

"त्या... बऱ्या आहेत ना? खिडकीत दिसत नाहीत."

मी नुसतं "वर आहेत, चला" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सोळा पायऱ्या होत्या.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "त्यांनीच खोली बदलून घेतली. रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचा जाच होतो म्हणाल्या."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "असं होय. मला कळायला हवं होतं," म्हणाले आणि सायकल हातात धरून, पायी गेले.

मी चहा घेऊन वर गेले. वन्संनी विचारलं, "खाली कोण आलं होतं?"

"कुणी नाही. एकाला घड्याळ दुरुस्त करायचं होतं."

"मास्तर दिसतात का गं तुला?"

"दिसतात की. आपल्या दारावरूनच जातात. हल्ली पलीकडे बघत."

त्यांनी कप हातात घेतला नाही. मी तो जवळच्या स्टुलावर ठेवला आणि खाली आले. त्या दिवसापासून त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. मला वाटलं होतं, घरात त्याने हलकं वाटेल.

मास्तरांनी पुढच्या वर्षी दोन मुलं असलेल्या एका विधवेशी लग्न केलं आणि बदली मागून घेतली. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले असं ऐकलं. मिस्त्री आमच्या घरानंतर रेघ मारत नसे, चारी कोपऱ्यांना खिळे ठोकत असे. तरी "घड्याळजीच्या घरी चुकला" हे त्याच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याने छपरं सोडली आणि दारं-कपाटं करत राहिला. सासूबाई तीन वर्षांनी गेल्या. वन्संना तेव्हा आईच्या शेवटच्या दर्शनालाही खाली आणलं नाही. उचलायला माणसं होती, पण कुणी म्हटलं नाही, मीही नाही. ह्यांचं दुकान चांगलं चाललं. सेलची घड्याळं आल्यावर बंद पडलं. ह्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मिस्त्री त्या दिवशी पिऊन आला होता.

वन्सं त्या खोलीत चौदा वर्षं राहिल्या. विणकाम पहिल्याच महिन्यात सुटलं. शेवटी चार माणसांनी त्यांना खाली उतरवलं आणि भर दुपारी रस्त्यावरून नेलं, तोंडावर कापड घालून.

मी आहे. गुडघे गेले, डोळे चांगले आहेत. घर विकलं, मुलाकडे तळमजल्यावर राहते. ते पुन्हा करशील का, असं कधीमधी मी स्वतःलाच विचारते. साठीत होते तोवर वडिलांचा सदरा आठवायचा आणि लगेच उत्तर यायचं, हो. आता उत्तर यायला वेळ लागतो. पण येतं तेच.