विहिरीवरचा धाकटा

थांबायचं कधी? मला बसवलं त्याच सकाळी मी हे विचारलं होतं. तारा जोडणाऱ्याने सांगितलं नाही, मालकाच्या मुलाने, नाजीने सांगितलं नाही. थोरल्यानेही सांगितलं नाही.

मी एक सोलर पॅनल बोलतोय. माझं शिक्षण एका ओळीचं: ऊन दिसलं की कामाला लागायचं. पुढचं कोणी शिकवलंच नाही.

थोरला म्हणजे डिझेलचं इंजिन. सना शहराच्या उत्तरेला, डोंगराखालच्या हमूदच्या विहिरीवर त्याने एकवीस वर्षं काढली. आम्ही एका आईचे नव्हतो, पण एकाच विहिरीचं पाणी उपसलं, म्हणून मी त्याला भाऊ मानतो. मी आलो तेव्हा त्याच्या टाकीत थेंब नव्हता. लढाई लागल्यापासून डिझेल मिळेनासं झालं होतं. हमूदचा मुलगा नाजी तीन-तीन दिवस रांगेत उभा राहायचा आणि अर्धा कॅन घेऊन परतायचा. ज्वारी उभी वाळली. शेवटी हमूदने कमरेचा जंबिया विकायला काढून दिला. आजोबांचा, शिंगाच्या मुठीचा. त्या जंबियाचे आम्ही चोवीस जण आलो.

आम्हाला बसवलं त्या दुपारी बैठकीत गालात गातची झिंग आणणारी पानं धरून सगळे आमच्यावरच बोलत होते. शाळेचे मास्तर म्हणाले, जगातलं तेल पन्नास वर्षांत संपणार. कोणीतरी म्हणालं, हे मी लहानपणापासून ऐकतोय, आणि संपलंय ते फक्त आपलंच. नाजी म्हणाला, संपू दे की, ऊन कुठे संपतंय? सगळे हसले. बाहेर मीही छाती काढून ऐकत होतो. हमूद तेवढा हसला नाही.

डोंगरावर उजाडलं की मी सुरू, ते ऊन उतरेपर्यंत. नाजीने ज्वारी मोडून गात लावला. त्याला बाजारात भाव, आणि तहान ज्वारीच्या दुप्पट. शेजाऱ्यांनीही पॅनल बसवली. मला वाटलं, थोरल्याला एकवीस वर्षांत जमलं नाही ते मी एका वर्षात करून दाखवलं. मी त्याला तसं तोंडावर म्हणालोही. तो दोन तास चालायचा, तापायचा, बंद पडायचा. मी त्याच्या थकण्याला हसलो. आज ते आठवलं की वाटतं, माझा रंग काळाच आहे ते बरं.

हमूदची विधवा मुलगी नूरिया रोज दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायची. दोरीला गाठी होत्या. थोरल्याच्या काळात दगड अकराव्या गाठीला भिजायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात तिने चौदावी गाठ मारली. मग दोरीला दोरी जोडली.

तेव्हा हमूद घोंगडी घेऊन आला. भर दुपारी त्याने ती माझ्या अंगावर टाकली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून टोकांना दगड बांधले. ओळीतला एक झाकला की सगळी ओळ मंदावते, हे त्याने बघून ठेवलं होतं. पंप थांबला.

नाजी शेतातून धावत आला. "बा, पत्र्याला थंडी वाजतेय का? आता उशीपण आण."

"पोरा, इंजिनातलं तेल संपायचं, म्हणून विहिरीला दम खायला मिळायचा," हमूद म्हणाला. "याचं कधी संपतच नाही. घटकाभर निजू दे तिला."

नाजी म्हणाला, आपण थांबलो तर शेजारी थांबणार आहेत का, आपलं पाणी त्यांच्या शेतात जाईल. ते काही खोटं नव्हतं. नाजीने घोंगडी हिसकली, टोकाचा दगड फिरून माझ्या कोपऱ्यावर बसला आणि काच तडकली.

आणि मला काय वाटलं? आनंद. ऊन परत मिळालं म्हणून. त्या तडकलेल्या कोपऱ्यासकट मी पंप ओढला. सात दिवस रोज घोंगडी पडली आणि सात दिवस रोज निघाली. म्हातारा मला सांगतच होता, पण तोंडाने नाही, आणि मी पडलो अडाणी.

तिसऱ्या वर्षी पंपाने आधी चिखल ओढला, मग नुसती हवा. नूरियाचा दगड सतराव्या गाठीवरून वर आला. तिने तो नाजीच्या हातात ठेवला.

"बघ, कुठे ओल लागते का."

नाजी दगड मुठीत धरून कठड्यावर बसून राहिला.

पुढच्या आठवड्यात थोरला भंगारात गेला. अख्खा उचलवेना, म्हणून दोघांनी घणाने जागेवरच फोडला. ज्याने एकवीस वर्षं या विहिरीचा तळ दिसू दिला नाही, तो माझ्यासमोर तुकडे होऊन पोत्यात जात होता. तेव्हाही ऊन होतं. आणि मी वीज पाठवतच होतो, कोरड्या विहिरीतल्या पंपाकडे. भावाला घण बसत असतानाही मला थांबता आलं नाही.

माझे तेवीस सोबती विकले गेले. तडकलेला मला कोणी घेईना. नाजीला सनात हमालीचं काम मिळालं होतं, घर उठणार होतं. विहिरीत कोणाची शेळी पडू नये म्हणून नूरिया आणि नाजीने मला उचललं आणि विहिरीच्या तोंडावर पालथं घातलं. काच अंधाराकडे, पाठ उन्हाकडे. असा मी थांबलो.

माझ्यासारखे अजून पुष्कळ येतील, यायलाच हवेत. फक्त बसवताना त्यांना पुढची ओळही शिकवा.

सामान चढलं. नाजीने गाडीचा भोंगा दोनदा वाजवला. हमूदला आता कमी दिसतं. तो सवयीने विहिरीत डोकावायला आला, कठड्यावर टेकायचा हात पुढे घसरला आणि म्हाताऱ्याचं सगळं वजन माझ्या पाठीवर आलं. तडकलेला कोपरा करकरला. खाली सतरा गाठींची खोली होती.

नूरिया धावत येऊन त्याला उठवेपर्यंत मी तुटलो नाही.