तीन नंबरची जागा

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे हो, तसा गैरसमज नको. फुटबॉल संघाच्या खोलीत भिंतीला हिरवा पत्रा टांगलेला असतो, त्यावर मैदानाच्या पांढऱ्या रेघा असतात आणि अकरा चुंबकाच्या चकत्या सरकवून कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवतात, तो मी. आधीच सांगून ठेवतो, मी संशयी आहे. माझी कहाणी तुम्हाला का ऐकावीशी वाटली, हा प्रश्नसुद्धा माझ्या मनात येऊन गेला.

पण माझा तरी काय दोष? मी मूळचा कपाटाचा पत्रा. बस डेपोच्या कार्यालयात कपाट होऊन उभं राहायचं, आतले कागद सांभाळायचे आणि हात लावील त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघायचं, असं माझं ठरलेलं होतं. कापताना दोन बोटं कमी भरलो. "टाकू नका, फुटबॉलवाल्यांना देऊन टाका," कोणीतरी म्हणालं. रंगाऱ्याने हिरवा रंग फासला, रेघा मारल्या आणि मी या खोलीत आलो. कपाट व्हायचं राहिलं, स्वभाव मात्र कपाटाचाच राहिला.

आमचा संघ डेपोतल्याच माणसांचा. कोणी ड्रायव्हर, कोणी कंडक्टर, कोणी वर्कशॉपमधला. त्यांना शिकवणारे ते मास्तर. खरं तर ते फाटकावर बसून बस किती वाजता सुटली ते नोंदवणारे टाइमकीपर. पण मैदानावर त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आयुष्यभर बस मिनिटावर सोडलेली, त्यामुळे माणसं इंचावर उभी करायची त्यांना सवय. "फळ्यावर आहे तिथंच उभं राहायचं," ते सांगायचे. "एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही." चकत्यांना हात फक्त त्यांनी लावायचा. बाकीच्यांनी बाकावर बसून बघायचं. कपाटाला शोभेल अशी शिस्त होती, मला आवडायची.

चार वर्षांपूर्वी संघ एक सामना शेवटच्या मिनिटाला हरला आणि मास्तरांचा तोल गेला. खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी हातातला थर्मास फेकला तो थेट मला येऊन लागला, डाव्या बाजूला, आपल्या गोलच्या जरा पुढे. बशीएवढा पोचा पडला. मास्तर ओशाळले. दुसऱ्या दिवशी गुपचूप वर्कशॉपमधून थोडी लांबी आणली. लांबी म्हणजे बसच्या पत्र्यातले खड्डे भरायचा तो लगदा. खड्डा भरला, घासला, वर हिरवा रंग, त्यावर रेघ. बघणाऱ्याला काही कळू नये. मलाही नंतर तिथे काही जाणवायचं नाही, म्हणून मी विसरून गेलो.

त्याच महिन्यापासून आमची डावी बाजू गळायला लागली.

झालं असं, की तीन नंबरची चकती म्हणजे डावा बॅक, डावीकडून बचाव करणारा. त्याची जागा नेमकी त्या ठिकाणी. मास्तर चकती लावायचे, ती घसरायची. परत लावली, परत घसरली. "चुंबक जुनं झालं," म्हणत त्यांनी ती वीतभर पुढे लावली. तिथे ती टिकली. पुढच्या आठवड्यात तिथेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तिथेच. मग एके दिवशी मास्तर सगळ्यांना ठासून सांगायला लागले, "आपला डावा बॅक पुढे खेळतो. ही आपली पद्धत आहे." माणसं अडचणीला पद्धत म्हणायला किती लवकर शिकतात! आणि मी? मी चुंबकावर संशय घेऊन मोकळा झालो.

चार डावे बॅक आले आणि गेले. त्यांच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेतून समोरचे आत शिरायचे, गोल व्हायचा, बोट तीन नंबरकडे. पहिला आळशी ठरला, दुसरा घाबरट. तिसऱ्याचं लक्ष नसतं म्हणाले. चौथ्याला तर भर खोलीत "तुझ्यापेक्षा खांब बरा" असं ऐकवलं. तो उठला आणि त्या दिवसानंतर कधी आला नाही.

पाचवा ठोक्या. वर्कशॉपमध्ये ठोकून ठोकून बसचे पोचे काढायचं काम करतो म्हणून ठोक्या. तळहात खरखरीत, बोलणं कमी. त्याची आई प्रत्येक सामन्याला यायची. घडीचं स्टूल घेऊन डाव्या रेघेजवळ बसायची. मध्यंतर झालं की संघ बाजू बदलतात, तर म्हातारी स्टूल उचलून अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडे जायची, मुलगा जवळ दिसावा म्हणून. मध्यंतराला मला बाकाला टेकवून ठेवतात, तिथून मी बघायचो. सगळे हसायचे. ठोक्या मान खाली घालायचा, पण त्याला ते आवडायचं.

या वर्षी आमचा संघ अगदी तळाला गेला. नियमाप्रमाणे मोसमाच्या मध्यावर एकच नवा खेळाडू नोंदवता येतो, आणि त्याच्या बदल्यात जुना एक काढावा लागतो. त्याचा कागद स्पर्धेच्या कार्यालयात शुक्रवारी दुपारच्या आत पोचला पाहिजे. म्हणून गुरुवारी संध्याकाळी खोलीत बैठक बसली. प्रश्न एकच, संघ नव्याने उभा करायचा तर कुठला भाग सगळ्यात महत्त्वाचा?

मी कान टवकारले. अशा वेळी माणसं आपल्या पोटातलं बोलतात.

"गोलकीपर," चिटणीस म्हणाले. संघाचे कागदपत्र तेच बघतात. "मागे माणूस भक्कम असला की बाकीचे निर्धास्त." चिटणीस तरुणपणी गोलकीपर होते.

"छे! गोल मारणारा पाहिजे," मास्तर म्हणाले. "गोलच नाहीत तर जिंकणार कसे?" मास्तर नऊ नंबरवर खेळायचे.

"मधली फळी," कप्तान म्हणाला. "चेंडू पुढे नेणार कोण? तुमचा गोलकीपर?" कप्तान कुठे खेळतो ते सांगायलाच नको.

वा रे वा! ज्याला त्याला आपलीच चकती मोठी. संघाची काळजी म्हणे. मला वाटलं होतंच.

तासभर वाद झाला. शेवटी चिटणिसांनी वही काढली. या मोसमात खाल्लेले चौदा गोल, त्यातले अकरा डावीकडून. बोलणाऱ्या तिघांपैकी डावा बॅक कोणीच नव्हता. कोणाचीच चकती दुखावणार नव्हती. सगळ्यांना हे उत्तर सोयीचं वाटलं.

"म्हणजे बचाव महत्त्वाचा," मास्तर म्हणाले. "नवा डावा बॅक आणू. ठोक्याला काढू."

खोटं कशाला बोलू, ठोक्यावर माझाही संशय होताच. त्याचा मावसभाऊ समोरच्या एका संघात खेळतो. दोन-तीनदा दोघांना फाटकाजवळ कुजबुजताना मी खिडकीतून पाहिलं होतं. हाच बाजू उघडी टाकतोय, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. मास्तरांनी कागद माझ्याच अंगावर टेकवून सही केली, तेव्हा मला बरंच वाटलं. कागद शुक्रवारी सकाळीच गेला.

दुपारी ठोक्या आपले बूट न्यायला आला. मास्तर कोपऱ्यात खुर्चीवर बसून शिट्टीची दोरी उगाच सोडत-बांधत होते.

"मास्तर, एक विचारू?"

"विचार."

"मी नेमका कुठे चुकलो? म्हणजे घरी आईला सांगायला. ती विचारणार."

मास्तर म्हणाले, "तुझ्यामागे जागा मोकळी राहते रे."

"पण तुम्ही दाखवता तिथंच उभा राहतो मी."

ठोक्या माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आजवर त्याने मला हात लावला नव्हता. आता संघात नव्हताच, म्हणून बहुतेक धीर झाला असेल. तीन नंबरची चकती काढली आणि मागे सरकवली. "मला वाटायचं, आपण इथं असायला पाहिजे," तो म्हणाला आणि हात सोडला.

चकती घसरली.

त्याने परत लावली. परत घसरली. मग पाच नंबरची लावून बघितली. तीही घसरली. ठोक्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने मधल्या बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केली. उजवीकडे टण्ण. मध्ये टण्ण. वर टण्ण. आणि त्या जागी नुसतं थप्प.

रोज बसच्या पत्र्याला हेच विचारणारा माणूस तो. त्याच्यापासून काय लपणार?

"मास्तर," तो म्हणाला, "इथं लांबी कोणी भरली?"

मास्तरांच्या हातातली शिट्टी खाली पडली. "मीच," ते म्हणाले. "थर्मास फेकला होता. चार वर्षं झाली."

"बोटभर जाड भरलीय. आतल्या पत्र्यापर्यंत चुंबक पोचणार कसं?"

मास्तर उठले. त्यांनी चकती लावली. घसरली. मग वीतभर पुढे लावली. टिकली. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले.

"पाच माणसं, ठोक्या," ते म्हणाले.

"हो. मला धरून पाच."

"कागद सकाळीच गेला रे. आता या मोसमात काही करता येत नाही."

"माहितीये."

मी काय सांगू! चार वर्षं मी चिटणिसांवर, कप्तानावर, मावसभावावर, बिचाऱ्या चुंबकावरसुद्धा डोळा ठेवून होतो. खोट माझ्याच अंगात होती. त्या पाचही जणांना मीच चुकीच्या जागी उभं केलं आणि वर त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघत बसलो. लाज वाटली. पत्र्यालाही वाटते.

ठोक्याने मला भिंतीवरून उतरवलं. मास्तर म्हणाले, "राहू दे, तू कशाला?" तो म्हणाला, "नव्या माणसाला तरी जागा नीट दिसू दे." वर्कशॉपमध्ये नेऊन त्याने लांबी खरवडली, मला पालथं घातलं आणि पाठीमागून हळूहळू ठोकत पोचा बाहेर काढला. दुखलं. मी हूं की चूं केलं नाही. ज्याला मी बाहेर काढलं होतं, तोच मला सरळ करत होता.

पुढच्या सामन्यात नवा डावा बॅक योग्य जागी उभा राहिला. डावीकडून एकही गोल झाला नाही. "बघा! म्हटलं नव्हतं, माणूस बदला?" चिटणीस खूश. ठोक्याची आई सवयीने डाव्या रेघेजवळ येऊन बसली होती. मध्यंतराला तिने स्टूल उचललं, दोन पावलं गेली, थांबली आणि परत येऊन बसली. ठोक्या तिच्या शेजारी गवतावर बसला होता.

मास्तरांनी ते पाहिलं. मग सगळ्या संघासमोर त्यांनी थर्मासची गोष्ट सांगितली, काही न लपवता. चिटणिसांनी वही मिटली. आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी मास्तर आधीच्या चौघांच्या घरी माफी मागायला गेले. तिघांनी आत बोलावलं, चहा दिला. चौथ्याने, तो खांबवाला, त्याने दार उघडलं नाही. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता मोसम संपलाय. हल्ली चकत्या लावायच्या आधी मास्तर माझ्यावरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तळहात फिरवतात. कुठला भाग महत्त्वाचा, यावर वाद अजून होतातच. होऊ देत. मी आता कोणाच्या पोटात काय आहे ते शोधत बसत नाही. निदान तसा प्रयत्न करतो, स्वभाव काही एका दिवसात जात नाही.

पुढच्या मोसमाचा नोंदणीचा कागद आलाय. मास्तरांनी सगळ्यात आधी ठोक्याचं नाव लिहिलं. त्याने अजून सही केलेली नाही. "बघतो," एवढंच म्हणाला. कागद माझ्यावरच लावून ठेवलाय, तीन नंबरच्या चकतीखाली, बरोबर त्याच जागी.

ठोक्या, ये रे बाबा, सही कर. आई स्टूल घेऊन तयार असेल. तू येईपर्यंत चकती मी घट्ट धरून ठेवलीय.