पाणी तापायच्या आधीचे पाच तारे

माझ्या फोटोत एक नळी नुसतीच लोंबत होती. भिंतीवर पांढराशुभ्र गॅस गिझर, खाली निळी बादली, आणि गिझरच्या पोटातून निघालेली गॅसची नारिंगी नळी. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. तरी फोटोखाली लिहिलेलं होतं, "पाणी मस्त तापतं."

नळी मोकळी, आणि पाणी मस्त तापतं! ही बारीकशी विसंगती ज्या मुलीच्या नजरेला खटकली, तिच्यामुळेच आज मी तुमच्याशी बोलतोय.

मी एक रिव्ह्यू आहे. शाळेच्या मराठीत मला अभिप्राय म्हणतात आणि ज्यांच्या नावावर मी आहे, त्या केवळाबाई मला 'चांदण्या' म्हणतात. घरकामाला कारागीर बोलवायचं 'दारसेवा' नावाचं एक ॲप आहे. ऑफिस लातूरला, कामं लातुरात आणि नांदेडात. नळवाला, रंगवाला, वायरमन, गिझर बसवणारा, ज्याला बोलवायचं त्याच्या नावाखाली आम्ही रांगेने उभे असतो. लोक आधी आम्हाला वाचतात, मग दार उघडतात. एवढा मान आजकाल पाहुण्यांनाही नाही.

माझा जन्म काल संध्याकाळचा, नांदेडचा. केवळाबाईंची नात करिश्मा नर्सिंगला आहे. तिला थंडीत पहाटे उठून चुलीवर पाणी तापवावं लागू नये म्हणून आजीने गिझर घेतला. तो बसवायला आला रामलिंग. नायगावकडचा, हसऱ्या तोंडाचा, चपला दाराबाहेर नीट ओळीत काढणारा. त्याच्या नावापुढे अख्खे पाच तारे होते.

गिझर भिंतीवर चढला आणि चहा आला. चहा आला की काम संपलं, असं आपल्याकडे धरून चालतात.

"मावशी, तेवढं रेटिंग देता का?" रामलिंगने बशी खाली ठेवत विचारलं.

"मला कुठं येतंय बाबा ते. घे फोन, तूच टाक काय टाकायचं ते."

"किती देऊ?"

"किती म्हंजी? समद्या दे. एक चांदणी मागं ठेवून काय लोणचं घालू का तिचं?"

करिश्मा उंबऱ्यात उभी होती. ती हसत म्हणाली, "आजी, अजून गॅसबी जोडला न्हाई की!"

"गप गं. जोडंलच की तो आता. लेकरू कुठं पळून चाललंय?"

मग रामलिंगच्या अंगठ्याने मी लिहिला गेलो. "काम चांगले केले. पाणी मस्त तापतं. माणूस घरच्यासारखा." शब्द त्याचे, नाव केवळाबाईंचं. फोटो काढायच्या जरा आधी केवळाबाई त्याला म्हणाल्या होत्या, "बाबा, त्या झरोक्यातून लई गार वारं येतंय. पोरगी कुडकुडती. तेवढं बंद करून दे." रामलिंगने कोणाला नाही म्हटल्याचं कोणाला आठवत नाही. "हाव मावशी, लगेच!" त्याने प्लायचा तुकडा झरोक्यावर ठेवला आणि स्क्रू पिळून पक्का केला. मग फोटो काढला. त्यानंतर नळी जोडली असेल, पण तोवर मी लातूरला पोचलो होतो.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. मी खोटा नव्हतो. केवळाबाईंनी मला खुशीने दिलं होतं, कोणी त्यांचा हात धरला नव्हता. मी फक्त पाणी तापायच्या आधी जन्मलो होतो. आमच्या पाच-तारेवाल्या घराण्यात बहुतेकांची जन्मवेळ हीच. भिंतीचा रंग वाळलेला नसतो, नळ एक रात्रसुद्धा टिकलेला नसतो आणि आम्ही मात्र छाती काढून उभे.

आणि चार ताऱ्यांचं आपल्याकडे काय होतं, तेही ऐका. लातूरच्या हणमंतरावांनी एका रंगवाल्याला चार तारे दिले, कारण त्याने खोलीबरोबर विजेची बटणंही रंगवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी रंगवाला आईला घेऊन दारात हजर. "काका, माझं काय चुकलं?" हणमंतराव बटणं दाखवायला उठले, तोच त्यांच्या पत्नी साखराबाई आतून कडाडल्या, "लेकराच्या पोटावर पाय देता व्हय? करा पाच!" त्यांनी केले पाच. बटणं अजून पिस्ता रंगाची आहेत. रागाने दिलेला रिव्ह्यू कसाही ओळखू येतो, पैसे घेऊन लिहिलेलाही येतो, पण हा भिडेने दिलेला रिव्ह्यू ओळखायचा कसा?

हा प्रश्न मला तपासणाऱ्या मुलीला, सृष्टीला, बरेच दिवस छळत होता. सृष्टी अहमदपूरची. बी.एस्सी. झाली आणि लातूरला आत्याकडे राहून या ऑफिसात लागली. आमच्यातल्या शिव्या काढायच्या, जाहिराती काढायच्या, बाकीच्यांना पुढे सोडायचं, हे तिचं काम. मुलगी हुशार, पण भित्री. खालच्या खानावळीत कुकरची शिट्टी झाली तरी खुर्चीतल्या खुर्चीत उडायची. ऑफिसप्रमुख महानंदा मॅडम म्हणायच्या, "सृष्टे, तुझ्यामागं उभं राहून खोकायचीबी सोय न्हाई बघ."

तिने मागे एकदा धीर करून मॅडमना सुचवलं होतं. कारागीर दारात उभा असताना तारे घ्यायचेच नाहीत. घरच्यांनी वस्तू वापरावी, मग आपण फोन करावा आणि घरच्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं. फोन कारागिराच्या हातात जाता कामा नये.

मॅडम हसल्या होत्या. "आगं, ज्यानं घरात बसून चहा पिला त्याला तीन तारे कोण देईल? आन तारे कमी झाले की पोरं दुसऱ्या ॲपवर जातेत. चालू दे, चाललंय ते."

सृष्टी पुन्हा रिव्ह्यू चाळायला लागली. पण घरी गेल्यावर आत्याच्या स्वयंपाकघरातला नळ टपटपताना ऐकून तिला राहवलं नाही. "आत्या, या नळवाल्याला तू पाच दिलेस?" आत्या म्हणाली, "नळ गळतोय गं, पण पोरगं लई गोड बोलतं."

तर आज सकाळी ऑफिस उघडलं, सृष्टीने मला पडद्यावर उघडलं आणि तिची नजर नळीवर अडकली. माझ्यासारखे ती रोज ढिगाने पाहते. दुसरी कोणी असती तर 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देती. सृष्टीचा स्वभाव तसा नाही. भित्र्या माणसाचं एक बरं असतं, त्याची नजर घाईघाईने पुढे सरकत नाही.

तिने फोटो मोठा केला. नळीवरून ती गिझरवर गेली, गिझरवरून वर, तिथे प्लायचा नवा कोरा तुकडा होता. त्याच्या कडेने उजेडाची बारीक रेघ येत होती. म्हणजे तिथे झरोका होता, आणि तो बंद केला होता. खोली केवढीशी, तर बादली आणि पाटाने भरून जाणारी. आणि गिझर आतच.

तिच्या हातातला पेन खाली पडला. यावेळी शिट्टी वगैरे काही झाली नव्हती.

कॉलेजात शिकलेलं तिला लख्ख आठवलं. हवा अपुरी पडली की जळणारा गॅस एक विषारी वायू सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीत माणसाला आधी गुंगी येते, मग कडीपर्यंत हात जात नाही. आणि बाहेरच्यांना वाटतं, आज आंघोळीला जरा वेळ लागतोय.

"मॅडम, हे बघा."

महानंदा मॅडमनी चष्मा चढवून पाहिलं. "दुसऱ्या भिंतीला झरोका असंल की गं. फोटोत सगळं थोडंच येतंय?"

"असेल मॅडम. पण नसला तर?"

"रामलिंग चांगला पोरगा हाय. आजवर एक तक्रार न्हाई त्याची."

"तक्रार कोण करणार? सगळे रिव्ह्यू त्यानेच लिहिलेत. हे बघा, इथे 'पाणी मस्त तापतं', इथेही 'पाणी मस्त तापतं', तिथेही. सगळीकडे 'माणूस घरच्यासारखा'. घरच्यासारखा आहे म्हणून तर कोणी झरोका बंद कर म्हटलं की तो करतो. नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं, आणि पाच सोडून दुसरा आकडा लोकांच्या जिवावर येतो. मग खरं सांगायचं कोणी?"

एवढं लांब बोलणं सृष्टी ऑफिसात पहिल्यांदाच बोलली होती. तिने वाक्य एकही मागे घेतलं नाही. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. थंडीची सकाळ, आंघोळीची वेळ. त्यांनाही ते कळलं.

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "आधी तिथं लाव."

सृष्टीने केवळाबाईंच्या नावापुढचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. तिने परत लावला.

मॅडमनी रामलिंगला लावला. तो कुठेतरी वाटेवर असावा, फोन बंद लागला. मग त्यांनी नांदेडमधल्याच आपल्या एका वायरमनला पत्ता पाठवला आणि ओरडून सांगितलं, "हातातलं काम टाक आन आधी त्या घरी जा. कामून म्हणून इचारू नको. दार वाजव, न्हाणी उघडी करायला लाव." तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. निघतो म्हणाला.

सृष्टी नंबर लावतच होती. दर वेळी तीच घंटा, आणि मग तीच बाई, 'आपण फोन केलेली व्यक्ती उत्तर देत नाही.'

कशाला उचलतील? अनोळखी नंबरवरून आपल्याला कोण फोन करतं? कर्ज घ्या म्हणणारे, प्लॉट घ्या म्हणणारे, लॉटरी लागली म्हणणारे. माणसांचं मला मोठं नवल वाटतं. ज्याला कधी पाहिलं नाही त्याचे तीन शब्द वाचून ते परक्याला थेट न्हाणीपर्यंत नेतात, आणि जीव तोडून कोणी फोन केला तर तो कापतात. पण दोष त्यांचा कसा म्हणू? विश्वास कुठे ठेवायचा याची खूण आम्हीच पुसून टाकली आहे. सगळीकडे पाचच तारे असले तर वाचणाऱ्याने निवडायचं काय?

मॅडमनी रामलिंगचं पान ॲपवरून खाली उतरवलं. मग दुसरा फोन ओढून घेऊन, त्याने जिथे जिथे गिझर बसवले होते त्या एकेका घराला त्या स्वतः विचारू लागल्या, "गिझर न्हाणीच्या आत हाय का भाईर? झरोका उघडा हाय का?" पहिल्याच घरात त्यांना शिव्या पडल्या. दुसऱ्या घरात एका म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं, "झरोका व्हय? त्यानंच तर बंद करून दिला, डास येत व्हते." मॅडमनी कपाळावर हात मारला आणि त्याला दार उघडं टाकून आंघोळ करायला सांगितलं, उद्या माणूस पाठवते म्हणाल्या.

मध्येच सृष्टीकडे वळून त्या म्हणाल्या, "तू म्हणत व्हतीस तसंच करू. वापरल्यावर इचारायचं. आपल्या तोंडानं सांगतील तेच छापायचं. जातेत त्या पोरांना जाऊ दे दुसरीकडं."

सृष्टीला हवं होतं ते मिळालं होतं, पण कान घंटेवर होता.

आता माझं काय झालं तेही सांगून टाकतो. माझे पाच तारे फिके झाले आहेत. खाली एक ओळ आली आहे, 'खातरजमा बाकी.' पूर्वी असं काही झालं असतं तर मला अपमान वाटला असता. आज वाटत नाही. लखलखत खोटी खात्री देण्यापेक्षा फिकं राहून खरं ते सांगावं, यात मला जास्त मान आहे. उद्या ही मुलगी मला पुसून टाकेल. माझ्या जागी दुसरा कोणी येईल, दोन तारेवाला किंवा चार तारेवाला, पण ज्याचं नाव त्याच्याच तोंडचा. त्याला माझ्यापेक्षा चांगलं आयुष्य मिळो.

तुम्हाला एवढंच मागतो. चहा पाजा, दोन घास खाऊ घाला, लेकरू म्हणा, पण फोन आपल्याच हातात ठेवा. आधी पाणी तापू द्या. कुणाच्या पोटावर पाय येईल याची काळजी करता, ते चांगलंच आहे. मात्र तुमचे तारे वाचून जो घरी कारागीर बोलवणार आहे, त्याच्याही घरात एक लेक आंघोळीला जाणार असते, तिचीही थोडी भीड ठेवा.

सृष्टीने पुन्हा नंबर लावला. खाली कुकरने लांबलचक शिट्टी दिली. ती हललीसुद्धा नाही. घंटा वाजली, वाजत राहिली, आणि मग खट्‌ आवाज झाला.

"हॅलो! कोन हो तुमी?" पलीकडे एक तरणा, चिडलेला आवाज होता, आणि धाप लागलेली. "किती येळ वाजवून राहिल्या! आजी दळणाला गेली, घरात कोन न्हाई. अंगाला साबण तसाच ठेवून न्हाणीतून भाईर आले मी. आन डोकं नुसतं गरगरायलंय... बोला की लवकर!"