वाढत्या हाताची मूठ

कानिफनाथ मला न विचारता माझं माप बदलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. लोक मित्रावर उधारीवरून संशय घेतात, बायकोवरून संशय घेतात. मुठीवरून कोण घेतं?

नगरच्या एमआयडीसीत आमचं दोघांचं पत्र्याचं शेड आहे. लोखंडाचं सगळं कानिफ बघतो आणि बाकीचं सगळं मी बघतो, म्हणजे बोलतो. दोन वर्षं आम्ही तिथे एकच वस्तू घडवत होतो. घडीचा करंबित. करंबित म्हणजे मुळात इंडोनेशियाकडच्या शेतकऱ्यांचं हत्यार. पातं नखासारखं वाकडं आणि मुठीच्या टोकाला बोट घालायला कडी. मोबाईलवर पोरं तो गरागरा फिरवून एकमेकांना घाबरवतात. आम्हाला तो शिर्डीतल्या हार बांधणाऱ्यांसाठी करायचा होता.

कल्पना माझी होती. हार बांधताना दोन्ही हात दोऱ्यात गुंतलेले असतात. ब्लेड खाली ठेवलं की ते फुलांत हरवतं आणि पुढच्या ओंजळीत सापडतं. सापडतं म्हणजे लागतं. करंबितची कडी करंगळीत असली की चाकू हातालाच लटकून राहतो. दोरा कापा, सोडून द्या, गाठ मारा. काम संपलं की घडी घालून कनवटीला.

भांडण होतं ते मूठ केवढी आणि पातं केवढं यावर. घडीच्या चाकूत पातं मुठीच्या पोटात झोपतं. पातं वाढवलं की मूठ वाढवावी लागते. त्यात करंबितचं पातं वाकडं, म्हणून मूठ नुसती लांब करून भागत नाही, रुंदही करावी लागते, नाहीतर घडी घातल्यावर टोक बाहेर डोकावतं. एकदा ते कानिफच्या मागच्या खिशातून आतल्या बाजूला डोकावलं होतं. त्या आठवड्यात तो उभ्यानेच जेवला. बरं, मूठ रुंद केली की बोटं तिला वेढत नाहीत आणि चाकू हातातल्या हातात फिरतो. लांब केली की करंगळी कडीपर्यंत पोचत नाही. एका बाजूने ओढावं तर दुसरी बाजू उघडी पडते, आखूड गोधडीसारखं.

शेवटी माप माझ्या हाताचं घ्यायचं ठरलं. आमच्या गल्लीत माझ्याएवढा हात कुणाचा नाही. चर्चमध्ये मी टाळी वाजवली की पुढच्या बाकावरची बाळं उठतात. आणि शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचा, हा संस्कार माझ्यावर आणि कानिफवर एकाच दुकानात झाला होता. मोठ्या मापात लहान माणूस मावतो, लहानात मोठा मावत नाही. म्हणून मूठ वाढत्या हाताची. शिर्डीतल्या दुकानदारांना दाखवली. सगळे पुरुष, सगळे धडधाकट. त्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून माझ्या हाताला शेडमध्ये मान होता. कानिफ स्वतःला खरचटलं तर थुंकी लावायचा, माझ्या हाताला मेडिकलमधून पट्टी आणायचा.

गेल्या महिन्यापासून मात्र तो म्हणायला लागला, "अँड्र्या, तू कशाला रोज येतो? फिनिशिंगच तर राहिलंय. आराम कर."

मला बरं वाटलं होतं. इतका मी भोळा.

शुक्रवारी सहज शेडवर गेलो तर कानिफ नाही. फोन लावला. "सासरवाडीला आलोय, राहुरीला," तो म्हणाला. मागे फुलांचा गाडीवाला भाव पुकारत होता. मी सासरवाडी सधन आहे असं समजलो.

बाकावर एक नवा करंबित होता. उचलला तर मूठ तळहातात बुडालीच. दोन बोटांना धरायला जागाच नाही, ती बाहेर बेवारस. पातंही आखूड, अंगठ्याएवढं. सवयीने कडीत करंगळी घातली. ती दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि तिथेच बसली. मागे येईना.

ग्रीस लावलं. साबण लावला. शेजारच्या शेडमधल्या ओंकारने पाय भिंतीला लावून ओढलं. चाकू निघाला नाही, मी स्टुलावरून निघालो.

"निघंल कशी," ओंकार धापा टाकत म्हणाला, "कडी राहीबाईंच्या मापाची हाय."

"कोण राहीबाई?"

"शिर्डीच्या. हार बांधत्यात त्या. कान्या आज तिकडंच तर गेलाय सॅम्पल घेऊन. तुला म्हाईत न्हाई?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो लगेच जाऊन ग्राइंडर चालवायला लागला. ग्राइंडरखाली काहीच नव्हतं.

पत्ता मात्र त्याने दिला. हात रुमालात गुंडाळून मी शिर्डीची एसटी धरली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "फ्रॅक्चर?" मी म्हणालो, "व्हय." त्यांनी कोल्हारपर्यंत स्वतःच्या खुब्याचं ऑपरेशन सांगितलं. मी ऐकत होतो, पण डोक्यात एकच घोळत होतं. माझा हात नको होता तर तोंडावर सांगायचं. दोन वर्षं मी तो पुढे धरून बसलो, कधी मागे घेतला?

राहीबाईंचं शेड म्हणजे गुलाबाच्या ढिगाऱ्यावर टाकलेला पत्रा. आठ-दहा बायका हार बांधत बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या करंगळीत आमचा करंबित लटकत होता. लहान मूठ, आखूड पातं. हात वळला की चाकू आपोआप तळव्यात यायचा, दोरा तुटायचा, चाकू पुन्हा लटकायचा. इतकं सुंदर चाललं होतं की मला रडू आलं. मग समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं आणि रडू थांबलं.

भिंतीवर माझा फोटो होता. जुना मोठा करंबित हातात धरून हसणारा. फोटोला गुलाबाचा हार होता आणि कपाळाला कुंकू लावलेलं होतं.

माझ्याकडे पाहून एक बाई किंचाळली. दुसरीने फुलं टाकली. साठीच्या एक बारीक, लहानखुऱ्या बाई तेवढ्या शांत राहिल्या. याच राहीबाई. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तुमी वारला व्हता ना?" त्यांनी विचारलं.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"मुळा धरणात. पाय घसरून. कानिफभाऊ लई रडलं हितं बसून."

त्याच वेळी कानिफ चहाची किटली घेऊन आत आला. मला पाहून त्याने आधी किटली नीट खाली ठेवली. हे मी त्याच्या बाजूने धरतो, चहा सांडला नाही.

"अँड्र्या, तू आराम करणार होता ना?"

"इतका?"

राहीबाईंनी आमच्यामध्ये हात घातला आणि माझा रुमाल सोडला. करंगळी वांग्यासारखी झाली होती. "आदी हे काढू द्या, मंग भांडा," म्हणत त्यांनी हाराचा दोरा बोटावर घट्ट गुंडाळायला सुरुवात केली, नखापासून कडीपर्यंत, वेढ्याला वेढा लावून. दोऱ्याचं टोक कडीखालून काढलं. कानिफ समोर उकिडवा बसून माझ्याशी बोलत होता, पण माझ्या बोटाशी बोलल्यासारखा.

"तुझी मूठ यांना दाखवली. कुणाच्या हातात मावेना. या कोपऱ्यातल्या ज्ञानेश्वरीचं बोट कडीपर्यंत पोचेना, यांच्या हातात तर ती फिरायलाच लागली."

"रहाट धरल्यागत व्हतं," राहीबाई म्हणाल्या. "हार बायका बांधत्यात अन् माप दुकानदाराला दाखिवलं तुमी. आन आमचं हात आता वाढायचं न्हाईत."

"हे तू मला सांगायचंस," मी कानिफला म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं. पण सांगायचंस."

"त्या म्हणाल्या, ज्यानं माप दिलं त्याला घेऊन या, आम्ही समजावतो. म्हणजे तू येणार, दोन तास भाषण देणार, गणवेशाचं काढणार. माझ्या तोंडून गेलं, तो वारला. मग कुणी काही विचारलंच नाही. लगेच हातांची मापं दिली सगळ्यांनी."

"धरणात का? मला पोहता येतं."

"तेही सांगितलं. त्यानं जास्त वाईट वाटलं सगळ्यांना."

"आणि कुंकू? मी ख्रिस्ती आहे, कान्या. मारलंस ते मारलंस, मयताचा धर्म तरी बघायचास."

"ते मी नाही," तो पहिल्यांदाच दुखावल्यासारखा म्हणाला. "ते चांगुणाबाईंनी मायेनं लावलं."

चांगुणाबाईंनी ओशाळून मान खाली घातली. राहीबाई कडीखालून काढलेलं टोक धरून दोरा उलगडत गेल्या. एकेक वेढा सुटत होता, तशी कडी एकेक केसाने पुढे सरकत होती. दुखत होतं. पेरावरून ती सटकली आणि चाकू त्यांच्या पदरात पडला. त्यांनी तो पुसला, स्वतःच्या करंगळीत घातला. अगदी बरोबर बसला. जणू माझ्याकडे तो चुकून राहायला आला होता.

मला वाटलं, आता कानिफ माफी मागेल. मी माफ करायचं ठरवूनही टाकलं होतं. मूठ चांगली झाली होती, ते खोटं कसं म्हणू? थोडी ओढाताण करायची, चहा घ्यायचा, एकाच गाडीवर नगरला जायचं.

कानिफने घड्याळात पाहिलं.

"अँड्र्या, एक काम करशील? हारवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष येतायत आत्ता. सगळ्या दुकानांसाठी घेणार आहेत. त्यांना तुझं फार वाईट वाटलंय. करंबितला तुझंच नाव द्या म्हणालेत. आता तू असा समोर दिसलास तर..." त्याने आवाज खाली आणला. "संध्याकाळपर्यंत तेवढा वारलेला राहशील का?"

बायका हार बांधायच्या थांबल्या. तो गंमत करत नव्हता. गंमत करताना कानिफची डावी भुवई वर जाते, ती जागेवर होती.

"संध्याकाळपर्यंतच कशाला?" मी म्हणालो. "राहू दे."

"खरंच?" तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर इतकं मोकळं हसू आलं की पुढचं काही बोलायचं उरलंच नाही.

राहीबाई उठल्या, माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या. "बोटाला हळद लावा घरी गेल्यावर," एवढंच म्हणाल्या. बाहेर एक पांढरी गाडी येऊन थांबत होती. मी चपला घालताना आत पाहिलं. मला वाटलं होतं कानिफ निदान मागे येईल. तो खुर्चीवर चढला होता. माझा फोटो जरा तिरका झाला होता, तो सरळ करत होता.